उत्तर देणारे बुवा

आबा बुवा समोरच्या पार्टीचं भजन डोळे मिटून ऐकायचे. इतके निवांत, की नवख्या बुवाला वाटायचं, म्हातारा झोपला. मरोळच्या आमच्या मैदानात डबलबारी रंगायची. दोन भजनी मंडळं समोरासमोर, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब बांधायचा. समोरचा थांबला की बुवा डोळे उघडायचे आणि त्याच्याच चालीत त्याची अशी फिरकी घ्यायचे की त्याचे स्वतःचे टाळकरीही हसायचे. "उत्तर दिल्याशिवाय उठूचा नाय," हा त्यांचा दंडक. मी त्यांच्यामागे बसणारा टाळकरी, गळ्याने बेसूर. "दिन्या, तू फकत टाळ वाजय," ते म्हणायचे. "तोंड उघडलंस तर देव पळतलो."

बुवांची बायको, आमच्या काकी, गेल्या आणि बुवा गप्प झाले. आम्हा कोकणातल्या माणसांकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण नाही, गाणं नाही. म्हणून त्यांचं गप्प बसणं आम्हाला रीतीतलंच वाटलं. शेजारून पाठवलेला जेवणाचा डबा न उघडता परत यायचा. भरदुपारी दार लावून ते पडून असायचे. मुलुंडच्या लेकीला फोनवर "बरा असा" एवढंच सांगायचे. मंडळात कोणीतरी म्हणालं, "बुवा किती मनापासून दुखवटा पाळतायत!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आदराने लांब राहिलो.

एकदा जिन्यात थांबून ते मला म्हणाले, "चढताना डावो हात भरून येता रे."

मी घाईत होतो. "मनाला लावून घेऊ नका, बुवा. काकींची आठवण येते ना, म्हणून होतं तसं."

ते कठडा धरून एकेक पायरी चढू लागले. माझं ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मंडळाचे टाळ आणायला त्यांच्याकडे गेलो. पंखा जोरात फिरत होता आणि बुवा घामाने थबथबले होते. चेहरा राखेसारखा.

"काय होतंय?"

"छातीर धोंडो ठेवल्यासारखा वाटता. कालपासून."

"कालपासून? आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाक सांगू? आणि कित्याक?"

कशाला सांगायचं, या त्यांच्या "कित्याक"मध्ये तक्रार नव्हती, भीतीही नव्हती. या माणसाला वाचायचंच नव्हतं. बायकोला फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवायला लावली. स्ट्रेचर दारात आलं तरी बुवा खाट सोडेनात. "मी खंय येवचंय नाय. गेलंय तर सुटलंय."

विनवण्या करून झाल्या. लेकीचं नाव घेऊन झालं. शेवटी मी तिथलेच टाळ उचलले आणि सुचेल ते गायला लागलो, "मैदान सोडून निघाले बुवा, जवाब कोण देणार हो!" स्ट्रेचरवाले माझ्याकडे बघतच राहिले.

बुवांनी डोळे उघडले. "सूर बघ मेल्याचो! तुझ्यापेक्षा रेडो बरो गाता."

"मग द्या ना जवाब!"

"आता?"

"आधी हॉस्पिटल. मग जवाब."

त्यांनी हात पुढे केला.

बंद पडलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, म्हणाले. बुवांशी बोलल्यावर त्यांनी मनाच्या डॉक्टरांनाही बोलावलं. त्या बाईंनी आम्हाला बाहेर घेऊन सांगितलं, "हा नुसता शोक नाही, नैराश्य आहे. जगण्यावरचं मनच उडालं, की माणूस छातीतल्या कळेसाठीही कोणाला हाक मारत नाही." लेक रडत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं, तेव्हा नळ्यांच्या गराड्यातून बुवांनी पुटपुटत जवाब दिलाच. तो इथे लिहिण्यासारखा नाही. नर्ससुद्धा हसली.

सरळ बरे झाले असं नाही. मध्येच पुन्हा दार लावायचे. पण आता आम्ही दार वाजवायचो. मनाच्या गोळ्या त्यांनी कोणापासून लपवल्या नाहीत. "एक काळजाची, एक डोक्याची," सगळ्यांसमोर दाखवायचे, "दोनय माझेच अवयव मा?" मंडळात कोणाच्या घरी दुःख झालं की रीत काहीही असो, ते स्वतः जाऊन विचारायचे, "जेवलंस? निजलंस? छातीत काय होता?" उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत.

आता ते लेकीकडे राहायला गेले आहेत. सामान बांधताना मी धीर करून जिन्यातल्या त्या वाक्याची माफी मागितली. बुवा भजनाची बाजाची पेटी पुसत होते.

"चुकलंस तू. मीय चुकलंय, गप रवलंय. पण तू परत इलंस मा?" मग पेटी माझ्या हातात देत खेकसले, "उचल बेगीन! मुलुंडात नवीन मंडळ उभा केलंय. पोरां वाट बघतत."