गोठ्यावरची कौलं

पिंपरी पेंढारच्या घरावर स्लॅब टाकायचा हट्ट माझा. धाकट्या भावाचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि उठताना वर कौलांकडे एकदा बघून घ्यायचे. पुढे निरोप नाही. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी चिडून वडिलांना म्हणालो, कौलं उतरवू. दर वैशाखात ते स्वतः वर चढून घर शाकारायचे, फुटकं कौल काढून चांगलं बसवायचे. त्यांनी वाद घातला नाही. "टाकून देऊ नको," म्हणाले. "गोठ्यावर घाल."

घातली. भावाचं लग्न जमलं आणि बायकोला घेऊन तो भोसरीला गेला. स्लॅब आमच्या वाट्याला आला.

दोन वर्षांनी लकव्यानं वडिलांची उजवी बाजू गेली. त्यांची खाट पुढच्या खोलीत, पंख्याखाली. स्लॅब दिवसभर तापायचा आणि दिवेलागण झाली तरी आग ओकायचा. कौलांच्या घरात पंखा आम्ही पाहुण्यांपुरता लावायचो. आता तो बंदच होईना. मग कूलर आणला. लाईटबिल आलं की मी घरभर येरझाऱ्या घालायचो आणि आईवर उगाच खेकसायचो. स्लॅबवर चुना फासला. उसाचं पाचट पसरलं, ते वाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंगणात गेलं. पाणी मारावं, तर ते वर चढवायला मोटर, म्हणजे पुन्हा वीजच.

त्यात भारनियमन आलं. ओतूरच्या कॉलेजात मी कारकून होतो. ऑफिसातला पंखा थांबला की माझा हात थांबायचा. घरचाही थांबला असेल, वडील घामात पडले असतील, हे मनातून जाईना. शेवटी एका दुपारी काम टाकून मोटारसायकल काढली.

खाट जागेवर नव्हती. मी आईला हाका मारल्या. आई मागच्या दारातून आली आणि तोंडावर बोट ठेवून मला गोठ्याकडे घेऊन गेली. शेजारच्या दोघांना हाक मारून तिनं खाट तिथं नेली होती. कौलांच्या फटींतून वारा येत होता, बाजूला गाय रवंथ करत होती आणि वडील गाढ झोपले होते. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तरी मला राग आला.

"स्लॅबचं घर सोडून बाप गोठ्यात? लोक काय म्हणतील?"

"तू एक दुपार त्या खोलीत झोपून बघ," आई म्हणाली. "मग लोकांचं सांग."

मी ऐकलं नाही. त्याच दोघांना बोलावून खाट पुन्हा आत आणली. वीज आलेली नव्हती. कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन मी वारा घालत बसलो. थोड्या वेळानं माझाच सदरा पाठीला चिकटला, श्वास कोंडला. वडील डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते.

सकाळी मी निघालो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, शब्द जुळवायला वेळ लागला.

"मला गोठ्यात ने. पावणं यायचं आसलं की आत आणून ठिव."

माझी लाज त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. कौलं उतरवली तेव्हाही. आणि आता ती झाकायची सोयसुद्धा त्यांनीच शोधून ठेवली होती. मला तिथं उभं राहवेना.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. गोठा झाडला, गाय पलीकडे बांधली आणि खाट नेली. कूलर खोलीत तसाच पडून राहिला.

पुढच्याच आठवड्यात भावाच्या सासरची माणसं आली. मोटारीचा आवाज ऐकून वडील डाव्या हातानं घराकडे खुणा करू लागले. मी पाहुण्यांना गोठ्यातच घेऊन आलो, पोती अंथरून बसवलं आणि आईला चहा तिकडेच आणायला सांगितलं. वडिलांचा हात अजून घराकडेच होता. तो मी हातात घेतला आणि खाटेवर बसून राहिलो.