त्या पोराला घेऊन या

बोरस्ते सर हजेरी घेताना नुसतं नाव पुकारून थांबत नसत. "पगारे, कालचेच का?" असं विचारत. पगारे भाबडेपणाने "हो सर" म्हणाला की सरांचा हात पुढे. "मग कालचा निबंध द्या. नसेल लिहिला, तर आजचे पगारे वेगळे आहेत हे सिद्ध करा, सोडतो." नाशिकच्या आमच्या कॉलेजात मुलं तत्त्वज्ञानाला यायची ती या तमाशासाठी. मी त्यांच्याच विभागात नवा प्राध्यापक होतो आणि माझ्या तासाला मुलं झोपायची.

सरांनी एकदा स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत, त्याचीही मीमांसा केली. "झोपलेल्याला दोष देता येत नाही, सानप. जबाबदारी झोपवणाऱ्याची." सगळे हसले, शिपाईसुद्धा. चहाचा कप सावरत मीही हसलो, आणि तिथेच ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

सर प्राचार्य होणार हे तेव्हा जवळपास नक्की होतं. मी संस्थेच्या अध्यक्षांना निनावी पत्र लिहिलं: बोरस्ते वर्गात शिकवतात की माणूस रोज बदलतो, म्हणून कालच्या गुन्ह्याची शिक्षा आज कुणाला देता येत नाही, अशाने पोरं उद्या कॉलेज जाळतील. पत्र झकास उतरलं. सही नाही, अक्षर डाव्या हाताचं. फक्त पाकिटावर 'प्रेषक' लिहून त्यापुढे मी सवयीने माझं नाव-पत्ता घातला होता.

प्राचार्यपद दुसऱ्याला गेलं. पंधरवड्याने सरांनी ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "पिनकोडसुद्धा घातलात. शिस्त आवडली." बस, एवढंच. कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चार लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि मी सुटलो असतो. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

माफी मागायला मला पंधरा वर्षं लागली. निवृत्त झालेले सर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना पाणी घालत होते. मी पाया पडलो. "सर, ते पत्र मी लिहिलं होतं. माफ करा."

"कोणी? तुम्ही?" त्यांनी माझं टक्कल न्याहाळलं. "तो सव्वीस वर्षांचा होता. कुरळे केस. तुमचा त्याच्याशी काय संबंध?"

"मीच तो, सर. मला सगळं आठवतंय."

"आठवतं मलाही. मग पत्र मी लिहिलं का?"

मग त्यांच्यातला घोटीचा गावरान माणूस वर आला. "त्या पोराला घेऊन ये. त्याला माफ करायचं का हाणायचं, ते मी बघीन. तुझ्यासारख्या भल्या माणसाला कशापायी माफ करू? तू काय केलं माझं?"

त्यानंतर सरांच्या दर वाढदिवसाला मी व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवायचो. उत्तर यायचं, "नंबर ओळखीचा वाटतो. माणूस कोण?" शिक्षा भोगायला आलेल्याला 'तुम्ही गुन्हेगारच नाही' म्हणून दारातून परत पाठवायचं, याहून कडक सूड मला सापडलेला नाही. आणि मी बराच शोधला, कारण आता मलाही त्यांच्यावर उगवायचा होता.

यंदा सर गेले. दहाव्याला आम्ही रामकुंडावर जमलो. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याचं काहीतरी राहिलंय असं समजून एकेकजण पुढे होतो आणि हात जोडून शब्द देतो. सर असलं काही मानत नसत, मीही नाही. पण कावळा आज माझ्यावर अडणार याची मला खात्री होती. सगळ्या जुन्या कॉलेजसमोर मी कबुली देणार होतो, आणि या वेळी 'तो तुम्ही नव्हेच' म्हणायला सर नव्हते. भाषण घरून पाठ करून आलो होतो.

गुरुजींनी पिंड ठेवला. मी घसा खाकरून एक पाऊल टाकलं. दुसरं टाकेपर्यंत कावळा आला, चोच मारून भात घेऊन गेलासुद्धा.

"काही म्हणून राहिलं नव्हतं हो त्यांचं," कुणीतरी गहिवरून म्हणालं. सरांच्या पत्नी माझ्याकडे वळल्या. "सानप सर, तुम्ही काही बोलणार होता का?"

"नाही, काकू," मी म्हणालो, आणि त्या कावळ्याला मनातल्या मनात अशी शिवी हासडली, की ऐकली असती तर सरांनी मला तिथल्या तिथे ओळखलं असतं.