साबणाच्या पाण्यातला दिवा

तांबरमच्या लोकल गाडीत समोरच्या म्हाताऱ्याच्या पिशवीतून तारा आणि बॅटरी डोकावत होत्या. मला संशय आला. मी हळूच पोलिसांना फोन केला. पुढच्या स्टेशनवर चढलेल्या पोलिसाने त्याला दरडावलं, तशी माणसं दूर सरकली.

म्हाताऱ्याने पिशवीतून बॅटरीला जोडलेला छोटा दिवा आणि दोन बाटल्या काढल्या, एकीत साखरेचं पाणी, दुसरीत साबणाचं. साखरेच्या पाण्यात तारा बुडवल्या. दिवा लागला नाही. त्याने तारा नेसलेल्या वेष्टीला पुसून साबणाच्या पाण्यात बुडवल्या. दिवा मिणमिणला.

"शिकवणी घ्यायला चाललोय, सार. दोन्ही कार्बनचीच संयुगं. साखरेत सगळे बंध सहसंयुज, साबणात सोडियममुळे आयनिकही, म्हणून त्याच्या पाण्यातून वीज जाते. नुसतं बघून कळत नाही, तपासावं लागतं."

पोलीस ओशाळून उतरला.

"कुणी सांगितलं हो त्यांना?" इकडेतिकडे बघत म्हाताऱ्याने मलाच विचारलं.

मीही मान वळवून डब्यात तो सांगणारा माणूस शोधू लागलो.