उसवबाईंचे हात

शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'उसवबाई' म्हणायची. त्यात खोटं काय होतं? गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री, आणि एक टाका वाकडा दिसला की कर्रकन सगळी शिवण उसवून समोर! "कर परत!" वाकडी शिवण बघितली की बाईंना घास गोड लागत नसे, मग ती परक्याच्या सदऱ्यावरची का असेना.

अशा बाईंवर मुख्याध्यापिकांनी आठवीच्या सेवाकार्याची जबाबदारी टाकली. मुलं आधी वृद्धाश्रमात गेली आणि काय हवंय ते विचारून आली. तिथल्या एक ठेंगण्या आजी म्हणाल्या, "वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात बघा. चष्मा, रुमाल ठेवू कुठे, डोक्यावर?" झालं, ठरलं. वॉकरच्या दांडीला अडकवायचे कापडी खिसे शिवायचे! बाईंना हुरूप आला. पण मुख्याध्यापिकांनी बजावलं, "बेतणार मुलं, शिवणार मुलं आणि चुकणारही मुलंच. तुम्ही फक्त सोबत."

आता सोबत म्हणजे काय हो? नुसतं बघत बसायचं? खिसे शिवून झाले आणि बाईंनी कपाळावर हात मारला. एकाची टीप पूर्वेला, एकाची पश्चिमेला! इस्त्री करून आणते म्हणत त्यांनी सगळे घरी नेले, उसवले आणि मशीनवर नव्याने शिवून काढले. नवरा मटार सोलत म्हणाला, "अगं, पोरांना कळेल."

"त्यांना काय कळतंय!" बाई म्हणाल्या.

सगळं कळलं. वर्गातली उंच, किडकिडीत मुलगी, जिला सगळे चवळी म्हणायचे, खिसा उलटसुलट करून बघत राहिली. "बाई, हा माझा नाही. माझा वाकडा होता, पण माझा होता." बाकीच्यांनीही आपापले खिसे बाईंच्या टेबलावर आणून ठेवले. "तुम्हीच शिवलेत, तुम्हीच नेऊन द्या. आम्ही नाही येणार."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. शनिवारी तिकडे म्हातारी माणसं वाट बघणार, आणि इकडे पोरं रुसून बसलेली. रागवावं तर कुठल्या तोंडाने? त्यांनी गळ्यातली कात्री काढली आणि चवळीच्या गळ्यात घातली. "चुकलं माझं. तुम्ही परत शिवा. मी हात लावला तर मला वर्गाबाहेर काढा."

पोरं खुदकन हसली आणि कामाला लागली. बाई मात्र हातांची घडी घालून बसल्या. हात असे शिवशिवत होते म्हणता! त्यातच चवळीने बोलता बोलता खिसा चारही बाजूंनी शिवून टाकला. चारही! बाईंनी पाहिलं, तोंड उघडलं, आणि मूग गिळून परत मिटलं.

शनिवारी तो खिसा नेमका ठेंगण्या आजींच्याच वॉकरला लागला. आजी चष्मा घेऊन वरून चाचपताहेत, खालून चाचपताहेत. वाट सापडेना. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की धरायला माणूस लागलं. "अगं बाई, खिसा आहे की उशी?"

चवळीचा चेहरा रडवेला झाला. बाईंचे हात आपोआप पुढे गेले. आता एका क्षणात सगळं नीट करता आलं असतं. पण त्यांनी ते हात मागे घेतले आणि चक्क स्वतःच्या मांडीखाली दाबले.

"रडतेस काय वेडे?" आजी म्हणाल्या. "मी पहिलं झबलं शिवलं तेव्हा डोक्याला भोकच नव्हतं! आण ती कात्री. बस इथे. माझा हात थरथरतो, तू शीव, मी सांगते."

मग काय विचारता! पलीकडचे आजोबा सल्ला द्यायला सरसावले. आजी त्यांच्यावर खेकसल्या, "तुम्ही आयुष्यात बटण तरी लावलंत का?" सगळ्या खोलीत हशा. आश्रमात आल्यापासून आजींना सगळं आयतं हातात मिळत होतं, पण त्यांच्याकडून काही शिकून घ्यायला कुणी आलं नव्हतं. त्यांचा तो फुललेला चेहरा बघून उसवबाईंचा ऊर भरून आला. आपल्या नीटनेटक्या शिवणीने हे कधीच झालं नसतं, हे त्यांना लख्ख कळलं.

तेव्हापासून शनिवार ठरूनच गेला. वर्ष संपताना चवळीने बाईंचा कामाचा एप्रन गुपचूप पळवला आणि परत आणून दिला तेव्हा त्याला दोन नवे खिसे होते. डावा आजींच्या देखरेखीखाली शिवलेला, सरळसोट. उजवा चवळीने एकटीने शिवलेला, तिरपा.

"हात ठेवायला, बाई," चवळी म्हणाली आणि गळ्यातली कात्री पुढे केली. "उजवा उसवायचा असेल तर ही घ्या."

बाईंनी एप्रन चढवला, दोन्ही हात खिशांत खोल घातले आणि डोळे पुसायलासुद्धा बाहेर काढले नाहीत.

"खबरदार," त्या म्हणाल्या, "माझ्या खिशाला कुणी कात्री लावली तर!"