कान खाजवल्याचा आरोप

हे मी आपणहून सांगत नाही, मला सांगायला लावलंय. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकाला हसण्यासारखं काहीतरी पाहिजे म्हणून सूनबाई मागं लागली. म्हटलं, बी विंगमध्ये एवढी शिकलेली माणसं बसलीत, त्यांना सांग. तर म्हणते, "तात्या, त्यांनी कुठं तुमच्याएवढा घोटाळा केलाय?"

सून आहे, काय करता? घ्या, ऐका.

माझं शिक्षण चौथी. पुढं सगळा जन्म वाशीच्या मार्केटात गोणी उचलण्यात गेला. पण दोन शब्द बोलायचं अंग मला आहे. आमच्या हमालांच्या टोळीत कुणी गेलं की शोकसभेत मलाच उभं करायचे. आमच्याकडं, साताऱ्याच्या बाजूला, दहाव्याला भाषणं झाल्याशिवाय कावळासुद्धा पिंडाला शिवत नाही. मी बोलायला लागलो की गेलेल्याच्या बायकोलाही वाटायचं, अरे, हा माणूस एवढा चांगला होता की काय.

तर आमच्याच टोळीतला सर्जेराव. गोणी एकत्र उचलल्या, आणि आता नेरूळला एकाच सोसायटीत म्हातारे झालो. संध्याकाळी बागेत आम्ही चौघं मेंढीकोट खेळायचो. तो माझ्या विरुद्धच्या जोडीत. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस तो हरला, पत्ते फेकले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा शंकऱ्या कान खाजवून भिडूला खुणा करतो. डावा कान इस्पिक, उजवा कान बदाम."

आता मला सांगा, पावसाळा सरून ऊन तापायला लागलं की माझे कान खाजतात. दर वर्षी खाजतात. हातात इस्पिकची राणी असो नाहीतर दुर्री, खाजतात. चाळीस वर्षं सोबत काढलेल्या माणसाला हे माहीत नाही?

म्हटलं, "माफी माग."

म्हणाला, "आधी खुणा बंद कर."

झालं. अबोला. चौघातले दोन गेल्यावर मेंढीकोट कसला? संध्याकाळी मी टीव्हीसमोर, तो त्याच्या गॅलरीत. लिफ्टमध्ये भेटलो तर दोघं आकडे बघत उभे. दिवस जाता जात नव्हता, पण मी काही बोललो नाही. चूक त्याची होती.

मग एका रविवारी सकाळी कोथिंबीर आणायला खाली उतरलो. सोसायटीच्या हॉलबाहेर ही चपलांची रांग, आणि आतून आवाज नाही. आमचा हॉल म्हणजे वाढदिवस असो, हळदीकुंकू असो, मिटिंग असो, गेटपर्यंत कल्ला. एवढ्या चपला आणि शांतता?

दार ढकललं. सगळे गोल करून खुर्च्यांवर. डोळे मिटलेले, माना खाली, तोंडातून शब्द नाही. मधे टेबलावर समई आणि शेवंतीची फुलं. आमच्या विंगमधल्या मढवीकाकूंच्या डोळ्यातून पाणी. तुम्ही असता तर काय समजला असता?

मी एकेक तोंड बघत गेलो. सर्जेरावाचा भिडू पाटील आहे. माझा भिडू गायकवाड आहे. बागेतले सगळे आहेत. सर्जेराव नाही.

अबोला होता म्हणून मला कुणी सांगायलासुद्धा आलं नाही. आणि आता भांडण मिटवायचं तरी कुणाशी?

पांढरा कोट घातलेली एक पोरगी ओठावर बोट दाबून माझ्याकडं बघत होती. म्हटलं, डॉक्टरीण दिसते, बिचारी शेवटपर्यंत झटली असेल, हिला हुंदका आवरत नाही. तिला मी हातानंच धीर दिला आणि सवयीनं समईसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर्जेराव गेला," म्हटलं. "आपल्यातला वाघ गेला."

भराभर डोळे उघडले सगळ्यांचे. मला वाटलं, सुरुवात चांगली झाली.

"आमची मंडळी दवाखान्यात होती, तेव्हा हा माणूस रोज डबा घेऊन यायचा. लिफ्ट बंद असली तरी जिना चढून यायचा, आणि वर आल्यावर मलाच विचारायचा, तू जेवलास का? भांडखोर होता. पण भांडायलासुद्धा माणूस लायकीचा लागतो. मेंढीकोटमध्ये त्याच्या तोडीचा खेळाडू सबंध नवी मुंबईत नव्हता. आता मी कुणाशी खेळू?"

मी चष्मा काढून डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, खरंच भरून आले होते.

मढवीकाकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कोन गेला म्हनतस, शंकरभाऊ?"

"सर्जेराव."

"आत्ता त माझ्यासमोर त्यानं सुया टोचून घेतल्या!"

"कसल्या सुया?"

"कानान. आमी सगल्यांनीच घेतल्यात, माझ्या त डोल्यान पानीच आला. थंडी येताना चांगल्या असतात म्हने."

तेव्हा मी चष्मा नीट लावून बघितलं. प्रत्येकाच्या कानात केसाएवढ्या सुया. मग डोक्यात प्रकाश पडला. सूनबाई आदल्या दिवशी काहीतरी सांगत होती खरी. हवा बदलते, हॉलमध्ये सगळ्यांनी एकत्र बसून कानाला सुया, अर्धा तास बोलायचं नाही, तात्या तुम्ही पण जा. पण सूनबाई बोलायला लागली की मी बातम्यांचा आवाज वाढवतो.

मला प्रकाश पडला, पण तोवर बाकीच्यांच्या डोळ्यांपुढं अंधार. त्यांनी डोळे मिटले तेव्हा सर्जेराव जिवंत होता, उघडले तेव्हा मी श्रद्धांजली वाहत होतो. म्हणजे मधल्या वेळात सुयांनीच गेला की!

पाटील ओरडला, "मॅडम, आधी माझ्या काढा."

गायकवाड दोन्ही कान धरून उभा. मढवीकाकूंनी तर कुलदेवीला हाक घातली. ती कोटवाली पोरगी पांढरी पडली. "अहो, मी फक्त पाच-पाचच टोचल्या त्यांना," असं म्हणत हॉलच्या मागच्या खांबाकडं धावली. आम्ही सगळे तिच्या मागं.

खांबाआड सर्जेराव खुर्चीत रेलून बसलेला. डोळे मिटलेले. मॅडमनी घाबरत घाबरत त्याची नाडी धरली.

"काका? काका, ऐकू येतंय का?"

सर्जेरावानं एक डोळा उघडला. "सगळं ऐकू येतंय. तुम्ही मधे बोलू नका मॅडम. शंकऱ्या, थांबलास का? बोल की पुढं."

"अरे, मेल्या, जिवंत होतास तर आवाज द्यायचा!"

"अर्धा तास बोलायचं नाही म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "मी नियम पाळतो. खुणापण करत नाही."

हॉलभर हसणं. मॅडमनी मला तिथंच त्याच्या शेजारी बसवलं. "आजोबा, तुम्हीच घ्या आता सुया. काय त्रास होतो?"

"कान खाजतात," मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. "हवा बदलली की खाजतात. लिहून घ्या."

सर्जेरावानं पुन्हा डोळे मिटून घेतले.

मग अर्धा तास आम्ही दोघं शेजारीशेजारी गप्प बसलो. सुया टोचल्याचं कळतसुद्धा नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं आणि मग झोप येते. सुटल्यावर तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "संध्याकाळी पत्ते मी आणतो. तुझे फाटलेत."

तर डाव पुन्हा सुरू झालाय. बदलत्या हवेच्या त्या सुया आता दर हंगामाला असतात, आणि आम्ही दोघं जातो. मी आत शिरलो की सगळे आधी ओरडतात, "तात्या, सगळे जिवंत आहेत, बसा." ज्याला त्याला वाटतं, आपल्यावरही दोन शब्द बोलून घ्यावेत. मढवीकाकूंनी तर आगाऊ नंबर लावलाय.

आणि माझे कान खाजायचे थांबले. सुयांनी थांबले की दिवाळीच्या गारव्यानं, मला माहीत नाही. पण थांबले. म्हणजे ती खाज होती, खूण नव्हती, हे शाबीत झालं की नाही?

फक्त एवढंच की, खाज थांबल्यापासून मी आणि गायकवाड एकही डाव जिंकलेलो नाही. तो योगायोग आहे. माफी अजून बाकी आहे, आणि ती मागायची आहे सर्जेरावानं.