रॅक अठरा मिलिमीटर वर

त्या दिवशी स्टिअरिंग मी ओढलं नव्हतं. हे मी दोन महिने सांगत होते आणि माझ्या घरात ते कुणालाही खरं वाटत नव्हतं.

नवऱ्यानं किट कार घ्यायचं ठरवलं तेव्हा मी विरोध केला नव्हता. चेसिस, सस्पेन्शनचे भाग, फायबरची बॉडी असं सगळं खोक्यांतून येतं, इंजिन जुन्या गाडीचं वापरायचं आणि गाडी आपण जोडायची. नवरा दिवसभर संगणकासमोर बसणारा; हातानं काहीतरी करायची त्याची हौस मला आवडलीच होती. रोडपालीला एका वेल्डरच्या शेडमध्ये जागा मिळाली. वेल्डर मूळचे पनवेलचे, पंचवीस वर्षं आखातात पाइपलाइनवर काम करून परत आलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. नवरा दर रविवारी तिथं जायचा. मी गेले की मला बोल्ट पुसायला मिळायचे. तळोज्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, मापात केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवते, हे तिथं कुणाला आठवायचं नाही. मीही आठवण करून दिली नाही. तेवढी चूक माझी.

गाडी रस्त्यावर आणायची परवानगी अजून मिळालेली नव्हती. विचुंब्याच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या प्लॉटिंगमध्ये आतले रस्ते तयार होते आणि घर एकही नव्हतं. तिथं ती चालवून बघायची ठरलं. सासूबाई, दीर, जाऊ सगळे बघायला आले. नवऱ्यानं हळू दोन फेऱ्या मारल्या, मग मला म्हणाला, "आता तू घे. जरा वेगात जाऊ दे."

मी चाळीसच्या आसपास असेन. पुढे स्पीडब्रेकर होता. त्याचा उजवा भाग डंपरांनी उखडून टाकला होता, डावा शाबूत होता. डावं चाक त्यावर चढलं आणि गाडीनं आपण होऊन डावीकडे तोंड वळवलं. माझे हात सरळ होते. ब्रेक दाबेपर्यंत मी गटाराच्या कठड्यावर होते. बॉडी समोरून फाटली आणि माझं उजवं मनगट मोडलं.

नवरा धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "स्टिअरिंग का ओढलंस?"

मनगट त्याला नंतर दिसलं.

पुढचे सहा आठवडे मी प्लास्टरमध्ये होते आणि ही गोष्ट गावभर फिरत होती. दीर येईल त्याला सांगायचे, "वहिनींनी पहिल्याच फेरीत गाडी गटारात घातली." सोसायटीतल्या बायका माझा हात बघून हसायच्या आणि मग सॉरी म्हणायच्या. सासूबाई तशा प्रेमळ. त्या समजूत घालायच्या, "होतं गं असं. घाबरलीस तू." मी घाबरले नव्हते. नवरा अशा वेळी मोबाइलमध्ये बघत बसायचा. मला वाटायचं, तो मला वाचवायला गप्प राहतोय.

प्लास्टर निघालं तोवर गाडीची नवी बॉडी बसली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "कुणीही चालवायच्या आधी मला पुढची चाकं मोजायची आहेत."

"मोजायचं काय त्यात? सगळं मॅन्युअलप्रमाणे आहे."

"मग मोजल्यानं काय बिघडणार आहे?"

तो आंघोळीला गेला. मी शनिवारी रजा टाकली आणि माझे डायल गेज, म्हणजे मापाचा फरक काट्यानं दाखवणारी यंत्रं, घेऊन एकटीच रोडपालीला गेले.

काम अवघड नव्हतं. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून घेतली, पुढची स्प्रिंग काढली, स्टिअरिंग बांधून ठेवलं. डाव्या चाकाच्या जागी एक सपाट पत्रा बसवला आणि त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक गेज टेकवला. मग खालून जॅकनं दहा-दहा मिलिमीटर वर उचलत गेले. चाक खड्ड्यात उतरताना किंवा उंचवट्यावर चढताना जसं वरखाली होतं, तसंच. स्टिअरिंग स्थिर असताना चाकानं सरळच राहायला हवं, म्हणजे दोन्ही काटे सारखे फिरायला हवेत. ते सारखे फिरेनात. चाळीस मिलिमीटर उचलल्यावर पत्र्याची पुढची कड मागच्यापेक्षा जवळजवळ सहा मिलिमीटर बाहेर गेली होती. स्टिअरिंगला कुणी हात लावला नव्हता आणि चाक डावीकडे वळलं होतं.

मी तीन वेळा मोजलं आणि आकडे वहीत लिहिले. तिन्ही वेळा तेच.

याला बम्प स्टिअर म्हणतात, ते मी हात गळ्यात असतानाच वाचून ठेवलं होतं. चाकाला धरणारा आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड एकाच वर्तुळात झुलले पाहिजेत. टाय रॉड ज्याच्यापासून निघतो तो स्टिअरिंग रॅक वर किंवा खाली बसला की दोघांची वर्तुळं वेगळी होतात आणि दर धक्क्याला रॉड चाकाला ढकलतो. मी मॅन्युअल उघडून रॅकची उंची तपासली. मॅन्युअलपेक्षा अठरा मिलिमीटर वर.

चाचा चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मी विचारलं, "चाचा, हा रॅक इथं कसा आला?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "ताई, खोटं नाय बोलणार. साहेबांनी सांगितलं वर घ्यायला. रेडिएटरचा मोठा पंखा आणला होता, तो बसत नव्हता. मी बोललो, मापाच्या बाहेर नको. ते बोलले, एवढ्यानं काय होतंय."

"मग मला का नाही सांगितलंत? माझा हात मोडला."

"साहेब बोलले, मी घरी सांगतो. मला वाटलं सांगितलं असेल. माझी गलती हाय."

मला इतका संताप आला की हातातलं फेकून द्यावंसं वाटलं. पण गेज नाजूक असतात. मी ते एकेक करून पुसले, पेटीत ठेवले आणि नवऱ्याला फोन केला, "शेडवर ये. आत्ता."

तो आला. वही बघितली, रॅक बघितला, चाचांकडे बघितलं.

"फॅन बसत नव्हता," तो म्हणाला.

"ते कळलं. तू दोन फेऱ्या मारल्यास तेव्हा तुला काही जाणवलं होतं?"

त्यानं वही मिटून ठेवली. "थोडी ओढली होती. मला वाटलं टायरात हवा कमी असेल."

"आणि मग मला बसवलंस. वर म्हणालास, वेगात जाऊ दे."

"मुद्दाम नाही गं केलं."

"मुद्दाम केलं असं मी म्हणत नाहीये. दोन महिने तुला माहीत होतं की रॅक हलवलाय. दोन महिने."

पुढच्या रविवारी चाचांनी रॅक धरणारे ब्रॅकेट कापले आणि रॅक खाली आणला. मोठा पंखा गेला, पातळ पंखा रेडिएटरच्या पुढे बसवला. आधी वेल्डिंगचे कच्चे टाके मारायचे, मग मोजायचं, मग पातळ पट्ट्या घालून परत मोजायचं. नवरा जॅकपाशी बसून काटे वाचत होता, मी वहीत लिहीत होते. त्या दिवशी मी त्याच्याशी आकड्यांपलीकडे बोलले नाही. "परत वाच," एवढंच. संध्याकाळपर्यंत चाक पूर्ण वरखाली केलं तरी पाव मिलिमीटरचासुद्धा फरक येत नव्हता. मग चाचांनी पक्कं वेल्डिंग केलं.

विचुंब्याला त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, त्याच अर्ध्या स्पीडब्रेकरवरून मी गाडी नेली. हात नुसते टेकवलेले. गाडी उडाली आणि सरळ गेली. कडेला उभा राहून नवरा टाळ्या वाजवायला लागला. त्या टाळ्यांनी माझं डोकं आणखी फिरलं. मी थांबले नाही. रस्ता संपतो तिथं जाऊन इंजिन बंद केलं. तो चालत आला, घामाघूम.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"हे मला इथं सांगू नकोस. घरी सगळे असतील तेव्हा सांग. आणि स्टिअरिंगमध्ये काहीतरी गडबड होती असलं मोघम नको. कुणी केली तेही सांग."

आठ दिवसांनी जेवायला दीर-जाऊ आले होते तेव्हा त्यानं सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं: पंखा, रॅक, ती ओढ. दीर पानाकडे बघत राहिले. सासूबाईंनी वाढायचं थांबवून विचारलं, "अरे, मग तिचा हात गळ्यात होता तेव्हा का नाही बोललास?"

मीही नंतर दोनदा विचारलं. तो म्हणतो, रोज सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं. मला ते पुरत नाही.