फळ्यावरचं नाव

आमच्या क्लबच्या फळ्यावर एका डावातल्या सर्वाधिक धावांपुढे अजून दादाचं नाव आहे. दादाला जाऊन चार महिने झाले. रविवारी सुहासला तो विक्रम मोडायला दोनच धावा हव्या होत्या.

अशा वेळी आमच्याकडे कुणी जागेवरून हलत नाही. उठलं की फलंदाज बाद होतो, अशी जुनी समजूत. शेजारच्या नानांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी ते तसेच बसून होते. मी असलं काही मानत नाही. तरीही गोलंदाज धावू लागला आणि मी सावकाश उभा राहिलो.

सुहासची मधली यष्टी उडाली.

“अरे, आत्ताच उठायचं होतं तुला?” नाना ओरडले. “दोन धावांनी गेला की रे!”

“पाणी प्यायला उठलो,” मी म्हणालो.

सुहास मान खाली घालून परतला. फळ्यापाशी थांबला, दादाच्या नावावरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि आत गेला. नाव आता लख्ख दिसत होतं. मला मात्र तिकडे बघवेना. कुणी शतकाजवळ आलं की लहानपणी मला दंडाला धरून खाली बसवायचा, तो दादाच.